प्रभूच्या मेजाआधी वर्गणीची वही नको : कोल्हापुरातील मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील मराठी मंडळ्यांचे पाळक, वडील आणि कमिटी सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र कोणा एका मंडळीला उद्देशून लिहिलेले नाही. मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते, महिला मंडळाबरोबर घरभेटींना जाते, सवड मिळेल तशी पन्हाळा आणि गडहिंग्लज बाजूच्या खेड्यांतल्या संगतींत जाऊन बसते. ठिकाणे वेगळी, पाळक वेगळे, गाण्यांच्या चालीसुद्धा वेगळ्या. पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आढळते. व्यासपीठावरून आपण शिकवतो की मनुष्य देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरलो की मात्र त्याच्याकडे काय जमा आहे आणि काय बाकी आहे ते बघतो.

माझी मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी चालेल. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या, रविवारी मंडळीच्या वर्गणीच्या थकबाकीदारांची नावे वाचणे बंद करा. प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि दफन यांना वर्गणीची अट लावू नका, लेखी नको आणि तोंडीही नको. आणि नव्याने विश्वास ठेवणाऱ्या माणसाला त्याच्या विश्वासाबद्दल विचारण्याआधी त्याच्या अंगावरच्या वस्तूंबद्दल विचारू नका.

वर्गणीची वही मी जवळून पाहिली आहे. लांबट, लाल पाठीची, किराणा दुकानात उधारीला ठेवतात तसली. डाव्या बाजूला कुटुंबप्रमुखाचे नाव, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. पहिल्या रविवारी गीत होते, शास्त्रवाचन होते, मग सूचना. सूचना संपता संपता खजिनदार उठतात आणि वाचायला लागतात. अमके, सहा महिने. तमके, अकरा महिने. श्रीमती अमुक, मागील वर्षापासून. नावे वाचून झाली की उपदेश, आणि उपदेशानंतर लगेच प्रभुभोजन. ज्यांची बाकी आहे त्यांनी पुढे येऊ नये, असे कोणी बोलत नाही. काही ठिकाणी तसा जुना ठराव आहे म्हणतात, पुष्कळ ठिकाणी तोही नाही. ठरावाची गरजच पडत नाही.

अशाच एका रविवारी माझ्या बाकावरची एक बहीण उठली नाही. चार घरी चपात्या लाटायला जाते. नवरा वारल्यापासून दोन्ही पोरांचे तीच बघते. सगळे उठले तसे मी तिच्या खांद्याला हात लावून "चला" म्हटले. तिने पदर पुढे ओढला आणि खाली बघतच म्हणाली, "नको ताई. माजं मागचं ऱ्हायलंय. फिटलं की येते." रविवार असूनही सकाळचे काम उरकूनच ती आली होती, नखांच्या कडेला कणीक वाळलेली होती. पुढे लोक गुडघे टेकत होते आणि पाळक साहेब प्रत्येकाला भाकरीचा तुकडा देत म्हणत होते की हे तुमच्यासाठी दिलेले ख्रिस्ताचे शरीर आहे.

त्या बहिणीला हे कोणी शिकवले? उपदेशातून तर नक्कीच नाही. उपदेशात तिने आयुष्यभर ऐकले आहे की तारण फुकट आहे, कृपा फुकट आहे, ख्रिस्ताने सगळे ऋण फेडले आहे. ती ते मनापासून मानते. घरी बसले की मुलांना ती हेच सांगते, मी ऐकले आहे. पण मंडळी काय बोलते आणि मंडळी काय करते यांत फरक पडला की माणूस करण्यावर विश्वास ठेवतो. सूचना आणि प्रभुभोजन यांच्यामधल्या त्या अर्ध्या तासात आपण तिला सिद्धांत शिकवला, आणि तो प्रेषित पौलाच्या सिद्धांताच्या बरोबर उलटा आहे.

म्हणून माझी विनंती आहे की कमिटीच्या पुढच्या बैठकीत प्रार्थनेनंतर पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचावा. अंत्युखियातली हकिकत तिथे आहे. त्या शहरातल्या मंडळीत यहूदी विश्वासणारे आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत. यहूदी माणसाने सुंता न झालेल्याबरोबर जेवायला बसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती; पिढ्यान्‌पिढ्यांचा सोवळेपणा बाजूला ठेवून ती माणसे एका ताटाशी आली होती. येशूचा शिष्य पेत्रही तिथे गेल्यावर त्यांच्यात बसून जेवू लागला. मग यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली. पेत्राने कोणाला हाकलले नाही, वाद घातला नाही, नवी शिकवण काढली नाही. तो फक्त मागे सरकला आणि वेगळा बसू लागला. त्याचे बघून बाकीचे यहूदी सरकले. पौलाचा सोबती बर्णबा, त्याच्यासारखा माणूससुद्धा सरकला.

पौलाने पेत्राला सगळ्यांच्या देखत, तोंडावर जाब विचारला. आणि तो प्रसंग सांगता सांगताच, सोळाव्या वचनात, पत्रातले सर्वांत मोठे विधान येते: मोशेच्या नियमशास्त्रातल्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो. हे मी मुलांना शिकवताना नेहमी थांबून सांगते. ज्या शिकवणुकीवर पुढे मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले, परिषदा झाल्या, युरोपात राज्ये उलथली, ती या पत्रात एका जेवणाच्या पंगतीवरून निघाली. प्रश्न असा होता की कोणी कोणाशेजारी बसायचे. पौलाच्या दृष्टीने त्या प्रश्नाचे उत्तर चुकले की सुवार्ताच चुकली. अध्यायाचा शेवट तो असा करतो की नीतिमत्त्व नियमशास्त्राने मिळत असेल तर ख्रिस्ताचे मरण विनाकारण झाले.

पेत्राला सिद्धांत ठाऊक नव्हता असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जाणारा तोच. देव पक्षपाती नाही, हे तिथे उभे राहून बोलणारा तोच. त्याला तुम्ही परीक्षेला बसवले असते तर तो पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला असता. पौलाची तक्रार त्याच्या ज्ञानाबद्दल नाही. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे तो नीट चालत नाही, एवढीच तक्रार आहे. आपल्या कमिट्यांबद्दल माझी तक्रारही तीच आहे. तुमच्यातल्या कोणाच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही.

कोल्हापूरच्या माणसाला तर पंगतीचे मोल समजावून सांगावे लागू नये. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. राजाच्या पागेत नोकरीला असलेला हा माणूस; पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः दारात गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तोच चहा घ्यावा लागला. महाराजांचे आदेश आणि वटहुकूम अभ्यासक वाचतात. कोल्हापूरच्या लोकांच्या ध्यानात राहिला आहे तो चहा.

आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज त्याच वस्त्यांतून आले आहेत. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा काढल्या. १८७० पासून हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनखाली चालू लागले. पुढे गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या. आपले पणजोबा, खापरपणजोबा ज्या दिवशी पहिल्यांदा प्रभूच्या मेजाशी आले त्या दिवशी त्यांच्यापाशी द्यायला काय होते? जमीन नव्हती, अक्षर येत नव्हते, गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते. त्यांना कोणी विचारले ते एवढेच की येशूवर तुझा विश्वास आहे का. त्या एका प्रश्नावर जे आत आले त्यांच्या नातवंडांनी आता दाराशी दुसरा प्रश्न ठेवावा, हे मला सहन होत नाही. म्हणून लिहिते आहे.

अब्राहामाबद्दल थोडे लिहिते, कारण वर्गणीच्या रकान्यांपेक्षा त्याच्या आयुष्याचे आकडे जास्त कामाचे आहेत. उत्पत्ती १५:६ मध्ये लिहिले आहे की त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि परमेश्वराने ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व असे गणले. तेव्हा त्याचे नाव अजून अब्राम होते. पुढच्या अध्यायात त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो. अब्राम ८६ वर्षांचा असतो. सुंतेची आज्ञा त्याच्याही पुढच्या अध्यायात, आणि सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. म्हणजे देवाने त्याला नीतिमान गणले तेव्हा त्याच्या अंगावर कराराची कसलीच खूण नव्हती, आणि त्यानंतर किमान १३ वर्षे नव्हती. नियमशास्त्र तर त्याला दिलेल्या वचनानंतर ४३० वर्षांनी आले, असे पौल गलतीकरांस ३:१७ मध्ये मोजून सांगतो.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल याच क्रमावर बोट ठेवतो. विचारतो, हे त्याच्या लेखी केव्हा गणले गेले, सुंता झाल्यावर की सुंता होण्याआधी? संडे स्कूलमधली मुले इथे वह्या उघडून वयांची वजाबाकी करतात आणि त्यांना पौलाचे म्हणणे चटकन कळते. एकदा एका मुलाने विचारले, "मग बाई, सुंता केलीच कशाला?" पौलाने त्याचेही उत्तर दिले आहे. जे नीतिमत्त्व विश्वासाने आधीच मिळाले होते त्याचा तो शिक्का होता. आधी विश्वास, मागाहून खूण, आणि कित्येक पिढ्यांनंतर नियम. वर्गणी, हजेरी, पेहराव, उपास या सगळ्यांना या क्रमात जागा आहे, पण ती मागाहूनची आहे. दाराबाहेरची नाही.

आता खेड्यांबद्दल. तिथल्या छोट्या संगतींत वर्गणीचा प्रश्न नसतो, बहुतेकांकडे द्यायला काही नसतेच. तिथे दुसरी वही असते. एका गावात मी एका तिशीतल्या बाईबरोबर बसले होते. तिचा नवरा विश्वासात नाही. पण तिला अडवतही नाही, प्रार्थनेला सोडायला मोटरसायकलवरून तोच येतो. तिला बाप्तिस्मा हवा आहे. तिला सांगण्यात आले की आधी मंगळसूत्र काढ, हिरव्या बांगड्या काढ, मग बघू. घरात सासू आहे, भोवती भावकी आहे. नवरा जिवंत असताना गळ्यातले काढले तर गावात त्याचा काय अर्थ होतो, हे आपल्याला कोणी सांगायला हवे का? "बांगड्या कधी काढणार?" हा प्रश्न माझ्यासमोर तिला दोनदा विचारला गेला. ख्रिस्त तुझ्या पापांसाठी मेला आणि उठला हे तू मानतेस का, असे त्या दिवशी तिला कोणी विचारलेच नाही.

गलतियातल्या मंडळ्यांत सुंतेचा आग्रह धरणारे शिक्षकसुद्धा ख्रिस्ताला नाकारत नव्हते. ख्रिस्तावर विश्वास ठेवा आणि शिवाय एवढे एक करा, असे त्यांचे म्हणणे होते. पौलाने एवढ्या कडक भाषेत कोणतेही दुसरे पत्र लिहिलेले नाही, आणि ते या 'शिवाय'वरून लिहिले. यरुशलेमेच्या सभेत, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, पेत्र उभा राहून म्हणतो की जे जू आपल्या पूर्वजांना वाहवले नाही आणि आपल्यालाही वाहवत नाही, ते शिष्यांच्या मानेवर का घालता? त्या बाईच्या गळ्यात एक मंगळसूत्र होते. आपण तिच्या मानेवर आणखी काहीतरी ठेवत आहोत.

खेड्यातल्या पाळकांची भीती मी समजते. माणूस बाप्तिस्मा घेतो आणि पुन्हा जुन्या गोष्टींकडे वळतो, हे त्यांनी पाहिले आहे. मूर्तीच्या मेजाशी आणि प्रभूच्या मेजाशी एकाच वेळी बसता येत नाही हे पौलानेच १ करिंथकरांस १० मध्ये लिहिले आहे, आणि त्यात मी काही सूट मागत नाही. पण मंगळसूत्र हे त्या बाईच्या लग्नाचे आहे. अविश्वासी नवरा बरोबर नांदायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये, हेही त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. तिच्या संसारात काय ठेवायचे आणि काय नाही हे ती विश्वासात वाढता वाढता, नवऱ्याशी बोलून ठरवेल. आपण तिला वाढायला आत घ्यावे.

तुमच्यापैकी काहीजण एव्हाना १ करिंथकरांस ११ काढून बसले असतील. अयोग्य प्रकारे जो भाकर खातो आणि प्याला पितो तो दोषी ठरतो, म्हणून प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. हे वचन मला प्रत्येक बैठकीत ऐकवले गेले आहे. कृपा करून ते एकविसाव्या वचनापासून वाचा. करिंथात झाले होते असे की खात्यापित्या घरचे लोक आधी येऊन आपले जेवण उरकत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. एक भुकेला आणि एक दारू पिऊन तर्र, असे पौल लिहितो. मग विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? अयोग्य रीतीने खाणे ते हे. आणि उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा. गरिबाला मेजाशी लाजवणाऱ्यांना दिलेला इशारा आपण गरिबालाच मेजापासून दूर ठेवायला वापरतो आहोत.

याकोबाच्या पत्राचेही तेच. विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे, हे वाक्य वर्गणीच्या चर्चेत हमखास येते. त्या अध्यायाची सुरुवात वाचा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभास्थानात येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतला दरिद्री येतो, त्याला उभे राहा किंवा पायाशी बस म्हणतात. पुढे याकोब निर्जीव विश्वासाचे उदाहरण देतो ते उघड्या आणि उपाशी भावाबहिणीचे, ज्यांना आपण 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणतो आणि काहीच देत नाही. याकोबाला ज्या क्रिया हव्या आहेत त्या आपल्याकडून, त्या बहिणीसाठी हव्या आहेत. पौल आणि याकोब यांची भांडणे लावणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ते दोघे त्या बाकावर तिच्या दोन बाजूंना बसले असते. पौलही 'प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास' असेच म्हणतो, गलतीकरांस ५:६.

मग शिस्त राहील का, असा प्रश्न येतो. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता आणि त्याने रोमकरांस ६ मध्ये तो धुडकावून लावला. शिस्त राहिली पाहिजे, उलट मला ती जास्त कडक हवी आहे. बायकोला मारणारा नवरा, व्याजाने पैसे लावून विश्वासणाऱ्याचे घर बुडवणारा, मंडळीच्या जमिनीचा परस्पर व्यवहार करणारा, अशांना मेजापासून थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय त्यासाठीच आहे. तो वापरा. मी मात्र इतक्या वर्षांत पाहिले ते असे की ज्याची वर्गणी वेळेवर येते त्याला असे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बिनपैशाच्या माणसाला विचारणे सोपे असते.

येशूने सांगितलेला तो परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आठवा, लूक १८ मधला. आठवड्यातून दोनदा उपास करणारा, सगळ्या मिळकतीचा दशांश देणारा. आपल्या वहीत त्याचे बाराही रकाने भरलेले असते. मागे उभा राहून ऊर बडवणारा जकातदार वर डोळेसुद्धा करत नाही. 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' एवढेच म्हणतो. नीतिमान ठरून घरी कोण गेला हे येशूने सांगितले आहे, आणि आपण ते दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो.

पैसा आणि क्षमा यांची गाठ पडली की काय होते, हे आपल्या परंपरेला माहीत असायला हवे. १५१७ साली विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्यांच्या विक्रीवरून. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपण त्यावर उपदेश ऐकतो आणि रोमन कॅथलिक बांधवांकडे बोट दाखवतो. त्यांनी तर लूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाबरोबर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सही केली, की आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि आपल्या रिफॉर्म्ड परंपरेच्या मंडळ्यांच्या जागतिक संघाने २०१७ मध्ये त्यात आपला सहभाग नोंदवला. जगभरच्या एवढ्या मंडळ्या जे मिळून मान्य करतात ते आपल्या सूचनांच्या वेळेतही दिसू द्या.

पैशांचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. पाळकांचा पगार द्यायचा असतो, लाइट बिल येते, पावसाळ्याआधी कौले शेकारावी लागतात, आणि कोल्हापूरचा पाऊस कोणाची वाट बघत नाही. खजिनदाराचे काम कोणी हौसेने करत नाही. त्यांना लोकांचे बोल खावे लागतात. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सुचवते. दर महिन्याला एकूण जमा आणि एकूण खर्च वाचा, आकडे सगळ्यांना कळू द्या, नावे नकोत. ज्यांची बाकी बरीच झाली आहे त्यांच्या घरी दोन वडिलांनी जावे, आधी घरचे कसे चालले आहे ते विचारावे, वर्गणीचे शेवटी. ज्याच्याकडे खरोखर नाही त्याच्या नावापुढचा रकाना कमिटीने माफ करावा, आणि गरज असेल तर मदत निधीतून त्याच घराला काहीतरी द्यावे. वार्षिक सभेत मत देण्यासाठी वर्गणीची अट घटनेत असेल तर ती असू द्या. ती संस्थेच्या कारभाराची बाब आहे आणि तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मेज संस्थेचे नाही. संतोषाने देणारा देवाला आवडतो, असे पौलाने २ करिंथकरांस ९ मध्ये लिहिले आहे. नाव वाचले जाईल या भीतीने दिलेल्या नोटेत संतोष कुठून येणार?

दफनाबद्दल मी मुद्दाम फार लिहीत नाही. मयत दारात असताना घरच्यांकडे पावत्या मागितल्याचे मला एकाहून जास्त घरांनी सांगितले आहे. हे बंद करायला कोणत्याही अध्यायाची गरज पडू नये.

प्रत्येक मंडळीच्या कमिटीने पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे तीन मुद्दे घ्यावेत, म्हणजे नावांचे वाचन, वर्गणीची अट आणि बाप्तिस्म्याआधीचे प्रश्न. ठराव लिहून सूचनाफलकावर लावावा. नाकारायचे ठरले तर तेही कारणांसह लावावे. सभासदांना ते वाचायचा हक्क आहे. आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात वडिलांनी वही घरी ठेवून त्या त्या घरी जावे आणि 'या रविवारी या' एवढा निरोप द्यावा. बैठकीत मला बोलावले तर मी येईन. शास्त्र बरोबर आणीन, आणि ज्या बहिणींना बोलायचे आहे त्यांनाही.

आपली ख्रिस्तातील बहीण,
एक संडे स्कूल शिक्षिका,
कोल्हापूर